खाटेला बांधलेले हात

"भाऊ, एक सांगू का? हात खाटले बांधू नका."

लोटन असं म्हणाला तेव्हा सुकदेव त्याच्या मनगटाखाली पुठ्ठा सरकवत होता. सलाईनच्या खोक्यातून कापलेला वीतभर पुठ्ठा, त्यावर कापूस आणि वरून गॉज गुंडाळलेलं. सुई शिरेत नीट बसली होती. तिचे दोन पंख चिकटपट्टीखाली दाबून झाले होते आणि नळीचा एक वळसा करून तोही हातावर चिकटवलेला होता, म्हणजे कोणाचा धक्का लागलाच तर ओढ वळशाला बसावी, सुईला नाही. आता पुठ्ठ्यासकट हातावर बँडेजचे चार फेरे घेतले की झालं. फेरे घेताना सुकदेव बोटांची टोकं नेहमी उघडी ठेवी. बोटं गार पडली, निळी दिसली, तर पट्टी घट्ट झाली हे तिथेच कळतं.

जळगावच्या एका मोठ्या दवाखान्यात, पुरुषांच्या वॉर्डात, तो सोळा वर्षं ड्रेसर होता. जखमा धुणं आणि पट्ट्या बदलणं हे त्याचं खरं काम. पण सलाईन लावलं की हात बांधायला सिस्टरसुद्धा त्यालाच हाक मारत. सुकदेवने बसवलेली सुई पेशंटने कूस बदलली तरी जागची हलत नाही, असा त्याचा लौकिक होता.

लोटन एरंडोलच्या पुढच्या एका गावचा. जुलाब-उलट्यांनी गळून गेलेला, पण पहिली बाटली संपत आली तशी त्याला बोलण्याची हुशारी आली होती. सुकदेव मूळचा धुळ्याकडचा असल्याने दोघांची बोली जुळली. आपण कोणाचाच हात खाटेला बांधत नाही, सुकदेवने त्याला सांगितलं, आणि अशी भीती का वाटते म्हणून सहज विचारलं.

"गावनं कोणी भेटाले उनं तं काय समजी? यानी औषध पिधं, असंच समजी. पेल माणूसना हात बांधतस ना तुमी. आमना धनसिंगना बांधेल व्हतात. मी सोता दखात."

बँडेजचा गुंडाळा सुकदेवच्या हातून सुटला आणि उलगडत खाटेखाली गेला. तो उचलायला वाकला तो बराच वेळ वाकूनच राहिला. वर आल्यावर त्याने विचारलं, कोण धनसिंग.

लोटन सांगत गेला. धनसिंग त्याचा चुलतभाऊ. सहा वर्षं झाली. त्याला ट्रॅक्टरमध्ये घालून लोटननेच इथे आणलं होतं, याच वॉर्डात. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तर दोन्ही हात खाटेच्या दांडीला बांधलेले. त्याने गावात जाऊन जे पाहिलं ते सांगितलं. गावाने ओळखायचं ते ओळखलं. बायको भांडून माहेरी गेली होती आणि इकडे याने औषध घेतलं. म्हाताऱ्या बापाने सुनेला घरातून काढलं नाही, पण गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवलं आणि तेव्हापासून तिच्याशी एक शब्द बोलला नाही.

सुकदेवने चौथा फेरा घेतला, पट्टीचं टोक चिकटवलं, लोटनची बोटं एकदा दाबून पाहिली आणि पुढच्या खाटेकडे गेला. तिथे काय करायचं होतं ते त्याला आठवेना.

धनसिंगला तो एक दिवसही विसरला नव्हता.

अठ्ठ्याऐंशी सालचा भाद्रपद. तिशीचा गडी, तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, आणि अंगाला कपाशीवर मारायच्या औषधाचा वास. आणणाऱ्यांना तो बांधावर पडलेला सापडला होता, त्यापलीकडे त्यांना काही सांगता येत नव्हतं. सुकदेवने कात्रीने सदरा कापून काढला. सदरा पुढून कोरडा होता आणि पाठीकडून चिंब. पाठीवर फवारणीच्या पंपाएवढा लालभडक चौकोन उठला होता. ती पाठ सुकदेवने साबण लावून तीनदा धुतली. डॉक्टरांनी नळी घालून पोटही धुतलं. पोटातून भाकरीचे तुकडे निघाले, त्यांना औषधाचा वास नव्हता. फवारता फवारता अंगात भिनलंय, डॉक्टर म्हणाले आणि कागदावर तसं लिहूनही टाकलं.

मग उताऱ्याची इंजेक्शनं सुरू झाली. ती शिरेतून वरचेवर द्यावी लागतात, आणि त्यांनीच माणूस भ्रमात जातो. तोंड कोरडं पडतं, चेहरा लाल होतो, डोळे मोठे होतात. धनसिंग दुपारी उठून बसला आणि कापूस वेचायला लागला. समोर हवेतून वेचायचा आणि कमरेला नसलेल्या ओटीत टाकायचा. दोन्ही हातांनी, भराभर, एक बोंड सुटू नये असा. वेचता वेचता सुई निघाली. सुकदेवने दुसऱ्या हाताला लावून दिली, तीही निघाली. तिसरी निघाली तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत सुजून निळे झाले होते आणि शीर म्हणून सापडेना. शेवटी डॉक्टरांनी घोट्याजवळ कापून शीर उघडी केली, तिच्यात नळी घालून दोऱ्याने बांधली.

"ही गेली तर दुसरी नाही," डॉक्टर म्हणाले. "बांध त्याला."

सुकदेवने बांधलं. मनगटांना आधी कापसाची जाड गादी दिली, वर बँडेज आणि गाठ खाटेच्या लोखंडी दांडीला. पायही बांधले. गाठ अशी की आवळत जाणार नाही आणि सुटणारही नाही. धनसिंगने दोन-तीनदा हिसके दिले, मग त्याच्याकडे बघून तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "सोड भाऊ. कपाशीनी इतलीच पात राहिनी." आणि सोडत नाही असं दिसल्यावर त्याची बोटं, मनगटाच्या पुढची तेवढी मोकळी बोटं, चादरीवरून वेचायला लागली. ती दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वेचत होती. अकराच्या सुमारास थांबली.

सुकदेव गाठी कापायला कात्री घेऊन आला तेव्हा खाटेशी एक बाई उभी होती. माहेरून निघून आधी सासरी आणि तिथून इकडे आलेली, पदर धुळीने भरलेला. ती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती, हातांकडे पाहत होती.

"त्यासना हात काबरं बांधेल शेतस?" तिने विचारलं. "काय करं त्यासनी?"

तेवढ्यात दारातून आणखी दोघांना आत आणलं, डॉक्टर हाका मारू लागले. "बाजूले व्हा, बाई," सुकदेव म्हणाला, त्याने दोन गाठी कापल्या आणि तो गेला. परत आला तेव्हा खाट रिकामी होती आणि सफाईवाली तिच्यावर फिनेलचं फडकं फिरवत होती.

त्यानंतर त्याने कोणाचा हात खाटेला बांधला नाही. पेशंट सुई ओढायला लागला की तो स्वतः स्टूल घेऊन बसे आणि हात धरी, तासन् तास. बाकीची कामं पडून राहत. त्याबद्दल त्याला दोन मेमो मिळाले होते. मेट्रनबाईंनी एकदा समोर बसवून विचारलं, बँडेज आहे, खाट आहे, तुम्ही का धरून बसता. त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं आणि दुपारी पुन्हा धरून बसला. घरी बायको, सुनंदाबाई, तांदूळ निवडायला बसल्या की तो उठून बाहेर जाई. सुपातली ती हलणारी बोटं त्याला बघवत नसत. लग्नाला वीस वर्षं झालेल्या त्या बाईने कारण एकदाच विचारलं, त्याने एकदाच सांगितलं, आणि तेव्हापासून त्या तांदूळ निवडताना त्याच्याकडे पाठ करून बसत. वॉर्डात कोणा तापकऱ्याची बोटं गोधडीवर चाळवायला लागली की सुकदेवला पाठीमागून कोणी विचारतंय असं वाटे. आवाज धनसिंगच्या बायकोचाच. काय करं त्यासनी. इतक्या चांगल्या माणसाला तुम्ही ढोरासारखं बांधून मारलंत, असा त्याने त्या शब्दांचा अर्थ लावला होता आणि तो आरोप त्याला मनोमन मान्य होता.

लोटनचं बोलणं ऐकल्यावर त्याला पहिल्यांदा कळलं की बाई आरोप करतच नव्हती. तिला माहीत नव्हतं, म्हणून ती विचारत होती. उत्तर एका वाक्याचं होतं आणि ते त्याच्याजवळ होतं.

तीन दिवसांनी लोटनला घरी सोडलं. त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी सुकदेव सकाळची एसटी धरून एरंडोलला गेला आणि तिथून दुसऱ्या गाडीने त्या गावाला. वैशाख होता, अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर आलेली. स्टँडवर कुंभारांनी घागरी मांडल्या होत्या, निंबांना झोके बांधले होते आणि माहेरी आलेल्या पोरी झोक्यांवर गाणी म्हणत होत्या. धनसिंगच्या बायकोचं, पुष्पाबाईंचं, घर विचारलं तर ज्याने दाखवलं त्याने घर नाही दाखवलं, गोठा दाखवला.

पुष्पाबाई त्या खोलीच्या दारात बसून फाटक्या पोत्याला टाके घालत होत्या. पस्तिशीच्या असतील, पण केस कानशिलाशी पांढरे झालेले. त्यांनी त्याला ओळखलं नाही. परका माणूस पाहून पदर सावरला आणि सासऱ्यांकडे, आबांकडे, आला असाल तर आबा पुढच्या दाराला आहेत, असं सांगितलं. सुकदेवने आपण दवाखान्यातले असल्याचं सांगितलं, वॉर्डाचं नाव सांगितलं, साल सांगितलं. हात मी बांधले होते, हेही सांगितलं.

सुई पोत्यात तशीच खोचून पुष्पाबाईंनी हात मांडीवर ठेवले.

मग त्याने सगळं सांगितलं. सदरा पाठीकडून भिजला होता, पोटात औषध नव्हतं, उताऱ्याच्या इंजेक्शनाने भ्रम होतो, भ्रमात ते कापूस वेचत होते, तीनदा सुई निघाली, चौथी निघाली असती तर उतारा द्यायला वाट राहिली नसती. म्हणून बांधले. औषध पिणाऱ्याचे बांधतात, असं काही नसतं. बोलताना तो जमिनीकडे बघत होता. बोलून झालं तेव्हा गोठ्यातली म्हैस कान हलवत होती.

"मंग तधळ काबरं नही सांगं?" पुष्पाबाई म्हणाल्या.

"माले वाटनं, तुमी मन्हावर रागे भरी राहिनात."

"मी इचारी राहिंती," त्या म्हणाल्या.

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर सुकदेवला सोसलं असतं. त्यांनी हळूहळू सांगितलं ते असं. माहेरी त्या भांडून गेल्याच नव्हत्या, आईचं वर्षश्राद्ध होतं. पण हात बांधलेले साऱ्यांनी पाहिले होते, आणि दवाखान्यात विचारलं तर कोणी बोललं नाही, कागदावर काय लिहिलंय तेही कोणी वाचून दाखवलं नाही, म्हणजे सांगण्यासारखं नसेल, असं त्यांना स्वतःलाही वाटायला लागलं. सहा वर्षं त्या आठवत राहिल्या, निघताना आपण काय बोललो, भाकरीबरोबर काय वाढलं, कशाने त्यांच्या मनाला लागलं असेल. मुलगी सहावीत आहे. शाळेत पोरी तिला विचारतात. अखजीला घरात बाकीच्या पितरांच्या घागरी भरतात, त्यांची भरत नाहीत. मेला तो आपल्या हाताने मेला, आबा म्हणतात, त्याला पाणी कसलं.

मग त्या उठल्या, पोतं भिंतीशी ठेवलं.

"चला. आबाले सांगा. मन्हासमोर सांगा."

जीवराम आबा पुढच्या अंगणात बाजेवर बसून अंबाडीचा दोर वळत होते. सत्तरीचा उंच माणूस, पाठीत किंचित वाकलेला. सून दाराच्या कडेला येऊन उभी राहिली याची त्यांनी दखल घेतली नाही. पाहुण्याला बसा म्हणाले, कुठले, काय विचारलं, आणि दवाखान्याचं नाव निघताच दोर वळायचे थांबले.

सुकदेवने दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी त्याने आबांच्या तोंडाकडे पाहून सांगितलं. हात का बांधले ते सांगताना त्याने आपलाच डावा हात बाजेच्या कडेच्या लाकडावर ठेवून, कसे बांधले तेही खांद्यावरच्या उपरण्याने दाखवलं. आबा त्या हाताकडे एकटक बघत राहिले. शेवटी त्यांनी एकच विचारलं.

"सदरा कोठे ओला व्हता?"

"पाठवर, आबा. पुढे कोल्ला व्हता. पाठवर पंपना इतला चट्टा उठेल व्हता."

आबांनी दोर बाजेवर ठेवला. समोरच्या रस्त्यावरून पोरी हसत झोक्याकडे चालल्या होत्या, त्या दिसेनाशा होईपर्यंत ते त्यांच्याकडे बघत होते.

"पंप गळे," ते म्हणाले. "वायसर गयेल व्हतं. त्यानी सकायले सांगं माले. मी सांगं, आजना दिवस मारी ले, उंद्या एरंडोलथीन लई येसू."

सुकदेवला वाटलं, आता उठून जावं. तो इथे एक ओझं उतरवायला आला होता आणि ते त्याने या म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवलं होतं. त्याला असंही वाटून गेलं की आबांना हे आधीच ठाऊक असावं. सगळं नाही, पण पंप ठाऊक असावा, आणि त्यावर पडदा पडावा म्हणूनच बाकीची गोष्ट इतकी घट्ट धरून ठेवली असावी. पण आबांकडे पाहून त्याला तसं ठामपणे म्हणता येईना.

पुष्पाबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांना रडायला, ओरडायला, सहा वर्षांचा हिशेब मागायला आता मोकळीक होती. त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि साध्या आवाजात म्हणाल्या, "आबा, आते हाई गावमा सांगा."

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि सुकदेवसाठी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. तो पाणी प्यायला. आबा बसल्या जागेवरून हलले नाहीत. सुकदेव नमस्कार करून निघाला तेव्हाही त्यांनी मान वर केली नाही. गाडीत बसल्यावर सुकदेवच्या लक्षात आलं की आबा सांगतील की नाही, हे आपल्याला कधी कळणारच नाही.

कळलं ते आषाढात. लोटन पुतण्याचं गळू दाखवायला घेऊन आला होता. गळू कापून होईपर्यंत त्याने सांगितलं की अखजीच्या दिवशी, निंबाखाली सारं गाव पत्ते खेळत बसलेलं असताना, आबा तिथे आले. खेळ थांबवा म्हणाले नाहीत, बाजूला उभे राहिले, म्हणून लोकांनीच थांबवला. मग त्यांनी उभ्यानेच सांगितलं, धनसिंगने काही घेतलं नव्हतं, पंप गळका होता, आणि तो मी दिला होता. झालं. आबा घरी गेले आणि त्यांनी धनसिंगची घागर भरली. सुनेला म्हणाले, घरात ये. पुष्पाबाई आल्या, घागरीला हळदकुंकू लावलं, जेवण रांधलं, सगळ्यांना वाढलं आणि झोपायला गोठ्याशेजारच्या खोलीतच गेल्या. अजून तिथेच राहतात. घर त्यांना कोणी नाकारत नाही आता, पण त्या म्हणतात मला इथे सवय झाली. मुलगी मात्र आजोबाकडे जाते.

लोटन जरा थांबला आणि म्हणाला की त्या दिवशी हातांचं मीच गावात सांगितलं होतं. सुकदेवने मान हलवली. त्याने पुतण्याच्या पट्टीचं शेवटचं टोक चिकटवलं.

पाठीमागून येणारा तो आवाज पुढे कधी आला नाही. बोटं मात्र गेली नाहीत. सुनंदाबाई अजूनही पाठ करूनच तांदूळ निवडत.

भाद्रपद उजाडला, फवारण्या सुरू झाल्या, तशी वॉर्डात त्या वासाची माणसंही यायला लागली. अशाच एका दुपारी सुकदेव ड्रेसिंगची ट्रॉली ढकलत निघाला होता, तर वॉर्डाच्या दारात जीवराम आबा उभे दिसले. धुतलेलं धोतर, हातात पिशवी. डोळे दाखवायला आलो होतो, म्हणाले. डोळ्यांचा विभाग पलीकडच्या इमारतीत होता आणि तो बारालाच बंद होई, पण सुकदेवने ते सांगितलं नाही.

"कोणती खाट?" आबांनी विचारलं.

सुकदेवने धनसिंगची खाट दाखवली. खिडकीपासून तिसरी. तिच्यावर नशिराबादचा वना नावाचा म्हातारा होता, दोन दिवसांच्या तापाने भ्रमलेला. उजव्या हातात सलाईन आणि डाव्या हाताने तो ते चाचपत होता. त्याची सून औषधं आणायला गेली होती. आबा खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. आजूबाजूच्या लोकांना वाटलं, याच पेशंटचे कोणी वडीलधारे आले, म्हणून त्यांनी सरकून जागा दिली. आबांनी लोखंडी दांडीवर हात ठेवला आणि मग काढून घेतला.

त्यांनी हळूच विचारलं, शेवटी धनसिंगने माझं नाव घेतलं का.

सुकदेवला हो म्हणता आलं असतं. पण एकदा न बोलून जे झालं होतं ते त्याच्या समोर उभं होतं.

"नही, आबा. कोणंच नाव लिधं नही. तो कामवर व्हता."

आबांनी मान हलवली.

तेवढ्यात वॉर्डात गडबड झाली. पाळधीकडून एकाच शेतातले तिघं आणले होते, फवारणीचेच. सिस्टर धावत आल्या, वनाकडे नजर टाकून म्हणाल्या, सुकदेव, आज धरून बसायला वेळ नाही, बांधून टाका त्याला आणि तिकडे या. तिकडे तिघं होते आणि ड्रेसर एक. सुकदेवने ट्रेमधला गुंडाळा घेतला, दोन हात लांब बँडेज फाडलं. हात बांधायला म्हणून सहा वर्षांत पहिल्यांदाच फाडलं. वनाने तोवर चिकटपट्टीचं एक टोक उकललं होतं.

"माले सांग," आबा म्हणाले. "कसा धरू?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली होती आणि स्टूल ओढलं होतं. सुकदेवने उकललेली पट्टी दाबून बसवली, वर एक नवी लावली. मग आबांचा पंजा घेऊन वनाच्या हाताखाली कोपराजवळ ठेवला, दुसरा पुठ्ठ्याच्या कडेला. दाबायचं नाही, नुसतं असू द्यायचं. नळीवर अंगठा येऊ द्यायचा नाही. ओढ दिली तर आपण ओढायचं नाही, त्याच्याबरोबर थोडं जायचं आणि परत आणायचं. सुईच्या वरच्या बाजूला फुगायला लागलं तर हाक मारायची. आबांनी प्रत्येक गोष्टीला मान डोलावली. सुकदेव त्या तिघांकडे गेला.

सदरे कापणं, पाठी धुणं, नळ्या, इंजेक्शनं. दीड-दोन तास त्याला मान वर करायला फुरसत मिळाली नाही. तिघांनाही सुया लागल्या आणि टिकल्या, तेव्हा तो हात धुऊन खिडकीकडे आला. साडेपाच होऊन गेले होते. एरंडोलकडची आबांची गाडी निघून गेली असणार, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं.

वनाची सून औषधांची पुडी हातात धरून पायथ्याशी उभी होती. ती केव्हाची आली होती, पण या परक्या आजोबांना उठा कसं म्हणावं हे तिला समजत नव्हतं. वना डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होता, कोणाला तरी बैल सोडायला सांगत होता. मधूनच तो हात वर ओढी. आबा त्याच्या हाताबरोबर थोडे उठत आणि हात परत खाली घेऊन येत. प्रत्येक वेळी ते त्याला हां म्हणत होते.

सुकदेवने जाऊन बाटली पाहिली. चार बोटं सलाईन उरलं होतं. त्याने वाकून पट्टी पाहिली, बोटांची टोकं दाबून पाहिली. ती गरम होती. सुईच्या वर कुठे सूज नव्हती.